तिजोरीत खडखडाट आहे, म्हणून हवामानाचं काम पुढे ढकलायचं का?

सीनाकाठची (धागाकर्ती)

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाआधी आमच्या भागातल्या आमदारांना एक पत्र द्यायचं ठरतंय. मागणी एकच: राज्याकडे पैसा नाही, हे कारण सांगून हवामान बदलाची कामं मागे टाकू नका. सह्या गोळा करण्याआधी इथे मांडते आहे. या पत्राला विरोध करणारी माणसं माझ्या घरातही आहेत आणि त्यांचं सगळंच म्हणणं मला खोडता आलेलं नाही.

माझं माहेर परंडा तालुक्यात, सीनेच्या काठाला. नोकरी पुण्यात. सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर गावी गेले तेव्हा वडील विहिरीच्या कडेला उभे होते. त्यांनी हातातली काठी विहिरीत खुपसली, ती हातभर खाली गेली आणि गाळात अडकली. जिथे माणूस बुडेल एवढं पाणी असायचं तिथे काठी अडकते! नदीकडच्या पट्ट्यात माती उरलेलीच नाही, खालचा मुरूम उघडा पडलाय. सोयाबीन जे वाचलं त्याच्या शेंगेतच कोंब आले. आणि हे त्या गावात, जिथे लहानपणी मी टँकर आला की कळशी घेऊन धावायचे.

पाऊस आधीही पडायचा, पूर आधीही यायचे, हे मान्य. पण पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. हवा एक अंश तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं. ते कुठेतरी उतरणारच. त्या सप्टेंबरात आमच्याकडे उतरलं.

राज्य सरकारनं ७ ऑक्टोबर २०२५ ला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि ३ लाखांपर्यंत मनरेगातून, गाळ भरलेल्या विहिरीला ३० हजार. दिलं ते बरं केलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण "पैसा नाही" म्हणणाऱ्या सरकारला नुकसान झाल्यावर पैसा उभा करावाच लागला ना? मग तो नुकसानीआधी का उभा राहत नाही?

अडचणीच्या काळात मोठे निर्णय घेता येत नाहीत, असं म्हणणाऱ्यांना मी १९७२ चा दुष्काळ आठवायला सांगते. तेव्हा राज्य काही श्रीमंत नव्हतं. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी आधी सांगली जिल्ह्यात करून पाहिलेली रोजगार हमी त्या दुष्काळात राज्यभर नेली. पैसा कुठून आणला? शहरातल्या पगारदारांकडून. १९७५ मध्ये व्यवसाय कर आला तो त्यासाठीच. माझ्या पगाराच्या पावतीवर दर महिन्याला २०० रुपये कापले जातात आणि फेब्रुवारीत ३००, त्याचा उगम हा आहे. वडिलांच्या शेतात मुरमावर पुन्हा माती टाकायला जे ३ लाख सांगितले, ते मनरेगातले. ती मनरेगाही याच रोजगार हमीच्या पोटी जन्मलेली. त्या पिढीच्या नेत्यांनी तंगीत हिंमत दाखवली नसती तर आज कुठल्या खात्यातून माती टाकणार होते?

---

हिशेब आधी

ताई, तुमच्या वडिलांच्या शेताचं वाचून वाईट वाटलं. माझा विरोध शेतकऱ्याला नाही, पत्राला आहे. तीस वर्षं सरकारी हिशेबात काढली आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो.

२०२५-२६ चा अर्थसंकल्प महसुली तुटीचा होता, तूट ४५,८९१ कोटी. कर्ज ९ लाख कोटींच्या पुढे. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच महसुलातले निम्म्याहून अधिक पैसे संपतात. त्यावर लाडकी बहीण, त्याला ३६ हजार कोटींची तरतूद. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज, तिचा वर्षाचा बोजा १४ हजार कोटींच्या वर. उरलेल्यात शाळा, दवाखाने, रस्ते. यात "हवामान" म्हणून नवं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं नवं खातं, उघडलं तर पैसे कुठून काढायचे ते पत्रात लिहा. ते न लिहिता केलेली मागणी म्हणजे आमदाराला आणखी एक घोषणा करायला सांगणं आहे.

रोजगार हमीचा दाखला मोलाचा, पण अर्धा. १९७५ मध्ये राज्याला नवा कर बसवता आला. २०१७ पासून जीएसटी आहे, राज्याच्या हातातले बहुतेक अप्रत्यक्ष कर त्यात गेले. व्यवसाय करही वाढवता येत नाही, कारण घटनेच्या २७६ व्या कलमात वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा आहे आणि ती १९८८ पासून तिथेच अडकली आहे. म्हणजे ज्या दारातून पागे गेले ते दार आता बंद आहे.

आणि चांगल्या हेतूनं टाकलेला पैसा कुठे जातो तेही पाहिलंय. जलयुक्त शिवारवर ९,६०० कोटींहून जास्त खर्च झाले आणि २०२० मध्ये कॅगनं लिहिलं की भूजल वाढवण्यात त्याचा परिणाम नगण्य. जेसीबीचे भाडे निघाले, पाणी नाही निघालं.

---

बांधावरून

राम राम ताई. मी जालन्याकडचा. पत्र चांगलं आहे, पण आमच्या गावात वाचून दाखवलं तर लोक विचारतील, "हवामान बदल म्हणजे आम्हाला काय देणार?"

आमचं सांगतो. पीक विम्यात आधी शेतात पाणी साचलं, गारपीट झाली तर ७२ तासांत कळवायचं, पंचनामा व्हायचा, काहीतरी हातात पडायचं. २०२५ च्या खरिपापासून ते निकष काढून टाकले. आता फक्त पीक कापणी प्रयोगावर भरपाई. म्हणजे पूर्ण मंडळाचं उत्पन्न सरासरीत घटलं तरच. माझं शेत ओढ्याला लागून, माझं गेलं, वरच्या माळावरचं बरं राहिलं, तर सरासरीत मी बुडालो. एक रुपयाचा विमा बंद केला, खरिपाला २ टक्के हप्ता लावला, ते एकवेळ चालेल. पण ज्या वर्षी आभाळ फाटलं त्याच वर्षी निकष काढले. पैसे वाचवायला काढले ना? मग हवामानाचं ओझं कुणाच्या डोक्यावर टाकलं?

दुसरं, सौर पंप. दहा टक्के भरून घेतला. ऊन असलं की भारी चालतो, खोटं नाही बोलणार. पण कंट्रोलर जळाला तर ज्यांनी बसवला ते फोन उचलत नाहीत. दीड महिना पंप बंद, मी डिझेल इंजिन भाड्यानं आणलं. त्यापेक्षा शेजारच्या गावाच्या फीडरला, म्हणजे शेतीपंपांच्या वीज वाहिनीला, सौर प्रकल्प जोडलाय तिथे दिवसा आठ तास लाइट येते. रात्री दोनला दारं धरायला, पिकाला पाणी द्यायला जाणं बंद झालं. पायाखाली साप, उसात बिबट्या, हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं. असं काही लिहा पत्रात. माझ्या मते आधी रोख मदत, मग विमा, मग बाकी सगळं.

---

आधी त्यांनी

मुळात प्रश्नच चुकीच्या दारात विचारला जातोय. भारतात वर्षाला माणशी कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन दोन टनांच्या आसपास, अमेरिकेत चौदाच्या आसपास. त्या अमेरिकेच्या अध्यक्षांनी जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्यांदा पॅरिस करारातून बाहेर पडायचा आदेश काढला. बाकूच्या २०२४ च्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचं आश्वासन दिलं. विकसनशील देशांची मागणी त्याच्या कितीतरी पट होती आणि भारतानं तिथल्या तिथे आक्षेप नोंदवला. ज्यांनी दीडशे वर्षं धूर सोडला त्यांनी हात झटकले आणि परंड्याच्या आमदारानं जबाबदारी घ्यायची? उद्या महाराष्ट्रानं एकही कोळशाचा खडा जाळला नाही तरी सीनेचा पूर थांबणार नाही. हे कटू आहे, पण खरं आहे.

---

सीनाकाठची

@आधी त्यांनी, तुमचं शेवटचं वाक्य मला मान्य आहे. म्हणूनच दोन गोष्टी वेगळ्या ठेवू या. धूर कमी करणं हे जगाचं काम, त्यात आपला वाटा लहान आणि श्रीमंत देशांचा अन्याय मोठा. पण पूर येणार आहे हे धरून तयारी करणं हे काम अमेरिका करणार नाही. ती चोरी करून गेली म्हणून आपण घराला कडी लावायची नाही का? नदीची निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा १०० वर्षांच्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम होऊ द्यायचं नाही, हे ट्रम्प ठरवत नाहीत. आपल्याच नगरपालिकेत ठरतं आणि तिथेच मोडलं जातं.

@बांधावरून दादा, विम्याचे निकष माझ्या मसुद्यात नव्हते. ते घालते. हीच चूक आम्ही शहरात बसून करतो. हवामान म्हटलं की झाडं आणि सौरऊर्जा आठवते, विम्याचा अर्ज आठवत नाही.

@हिशेब आधी काका, कलम २७६ मला खरंच माहीत नव्हतं. उत्तर देते, पण थोडं वाचून.

---

चंद्रपूरकर

माझे वडील कोळसा खाणीत होते, भाऊ वीज केंद्रात कंत्राटावर आहे. २,९२० मेगावॉटचं केंद्र आमच्या उशाशी. राख आमच्या अंगणात पडते, गच्चीवर वाळत घातलेले कपडे झटकून आत घ्यावे लागतात. आणि मे महिन्यात ४५-४६ अंश आम्हीच सोसतो. त्यामुळे "तुम्हाला हवामानाचं काही पडलेलं नाही" असं कुणी म्हणू नये.

तरी मी सही करणार नाही. का, ते सांगतो. "नेत्यांनी कृती करावी" असं मोघम लिहिलं की मुंबईत त्याचा अर्थ होतो, कोळसा बंद करा. बंद केल्यावर माझ्या भावाचं काय, हे कुणी लिहीत नाही. कायम नोकरीवाल्याची बदली होईल, त्याला पेन्शन आहे. कंत्राटी माणसाला एक दिवस गेटवर सांगतील, उद्यापासून येऊ नको. चहाची टपरी, ट्रकवाले, खोल्या भाड्यानं देणाऱ्या विधवा बाया, सगळं त्या चिमणीवर उभं आहे.

गिरणगाव आठवा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार. गिरण्यांच्या जमिनींवर मॉल झाले, टॉवर झाले, आणि कामगारांचे वारस घरासाठी अजून सोडतीची वाट बघतात. तेव्हाही सगळे म्हणत होते की कापडधंद्याचे दिवस गेले, बदलायलाच हवं. बदल झाला. माणसं मात्र त्या बदलात कुठेच नव्हती.

---

यंत्रमाग

चंद्रपूरच्या भाऊंना माझा पाठिंबा. मी इचलकरंजीचा. २०१९ ला पंचगंगेचं पाणी आमच्या शेडमध्ये शिरलं. सूत भरलेले बीम भिजले, मोटारी उघडून वाळवायला पंधरा दिवस गेले, मग २०२१ ला पुन्हा तेच. तेव्हा पूर काय असतो ते मला सांगू नका.

पण माझा सगळ्यात मोठा खर्च वीज आहे. शेतीला स्वस्त द्यायची म्हणून उद्योगाकडून जास्त घ्यायची, हे वर्षानुवर्षं चाललंय. आता त्यावर हवामानासाठी उपकर बसवला तर माग भंगारात जातील. एका मागावर दोन घरं चालतात. नेते पत्र वाचून पहिलं काम कर लावायचंच करतात. ताई, तुम्हीच वर व्यवसाय कराचं उदाहरण दिलंत, म्हणून भीती वाटते.

---

आशाताई

मी आशा सेविका आहे, विदर्भात. जास्त लिहीत नाही. उन्हाळ्यात दुपारी सर्वेक्षण करायला लागतं. खारघरला एप्रिल २०२३ मध्ये उघड्या मैदानातल्या कार्यक्रमात माणसं उष्माघातानं गेली, ते सगळ्यांनी बघितलं. त्यात कुठे कोट्यवधी लागणार होते? वेळ बदलली असती, सावली केली असती. अहमदाबादनं २०१३ पासून उष्णतेचा आराखडा केला: ऊन किती वाढणार त्याचा आधी इशारा, ओआरएस, पाणपोया, गरिबांच्या पत्र्यांना पांढरा रंग, दवाखान्यात तयारी. आमच्याकडे आराखडा कागदावर आहे, पण पाकिटं उन्हाळा संपत आल्यावर येतात. पैसा नाही म्हणणाऱ्यांनी आधी हे तरी करावं.

---

सीनाकाठची

आशाताई, तुमचं वाचल्यावर मसुदा पुन्हा लिहायला घेतला.

आता काकांना उत्तर. पैसा कुठून, हा प्रश्न बरोबर आहे आणि मी तो टाळला होता. लाडकी बहीण बंद करा, असं मी म्हणणार नाही. माझ्या आईला ते १,५०० मिळतात. पुरानंतरच्या आठवड्यात घरात रोख म्हणून तेवढेच होते आणि औषधं त्यातून आली. तो पैसा काढून घ्या म्हणायची माझी छाती नाही.

पण दोन ठिकाणी पैसा आधीच आहे. पहिलं, आपत्तीचा निधी. पंधराव्या वित्त आयोगानं राज्यांच्या आपत्ती निधीचे दोन भाग केले: ८० टक्के मदत आणि पुनर्वसनासाठी, २० टक्के आपत्ती येण्याआधीच्या कामांसाठी. म्हणजे नवं लेखाशीर्ष उघडायची गरजच नाही, ते आहे. त्या २० टक्क्यांतून कुठल्या जिल्ह्यात काय झालं, ते आमदारांनी सभागृहात विचारावं. एवढं विचारायला एक रुपया लागत नाही.

दुसरं, तुम्हीच दिलेला मोफत विजेचा आकडा, वर्षाला १४ हजार कोटी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा १६ हजार मेगावॉटचा आहे. त्यातली वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते, कोळशाच्या विजेपेक्षा बरीच स्वस्त. शेतीचे फीडर जितक्या लवकर त्यावर जातील तितका अनुदानाचा बोजा उतरेल, आणि इचलकरंजीच्या मागावर टाकलेला भारही हलका करायला जागा होईल. @यंत्रमाग, हे तुमच्या बाजूचंच बोलतेय. उपकराची मागणी पत्रात नाही आणि येणार नाही. बांधावरून दादांना रात्रीची झोप आणि तुम्हाला कमी बिल, ही दोन्ही कामं एकाच ताराच्या दोन टोकांना आहेत.

जलयुक्तबद्दल तुम्ही म्हणता ते मी नाकारत नाही. आमच्या गावातही खोलीकरणाच्या नावाखाली ओढा नुसता खणून ठेवला, माथ्यावर काहीच केलं नाही. या पुरात त्याच ओढ्यानं काठ तोडले. काम चुकीचं झालं म्हणून ते कामच नको, असं मात्र मला म्हणवत नाही.

@चंद्रपूरकर भाऊ, तुमच्या पोस्टनंतर रात्री झोप लागली नाही. माझे मामा गिरणीत होते. संपानंतर ते गावी परत आले, ते पुन्हा कधी मुंबईला गेले नाहीत. तुम्ही लिहिलंत ते मी त्यांच्याकडे पाहत मोठी झाले आहे. तरी मला वाटतं, जुने संच एक दिवस बंद पडणारच आहेत, कुणाच्या पत्रामुळे नाही तर ते जुने झाले म्हणून. तेव्हा कंत्राटी माणसाची यादी, त्याचं प्रशिक्षण, त्याचा पगार हे सगळं संच बंद व्हायच्या पाच वर्षं आधी कागदावर असायला हवं. तंगीचं कारण सांगून हे पुढे ढकललं तर गिरणगाव पुन्हा होईल. मसुद्यात अशी ओळ घातली आहे: "कोळसा केंद्रातील कंत्राटी कामगारांची नोंद व पर्यायी रोजगाराचा आराखडा जाहीर झाल्याशिवाय कोणताही संच बंद करू नये." ती पुरेशी आहे का, तुम्ही सांगा.

---

चंद्रपूरकर

"आराखडा जाहीर" नको. आराखडे पुष्कळ जाहीर होतात. "आराखड्यासाठी निधी राखून ठेवल्याशिवाय" असं करा. आणि कंत्राटी कामगारांबरोबर खाणीवर चालणारे ट्रकवाले पण घाला.

---

आधी त्यांनी

तयारी आणि उत्सर्जन वेगळं केलंत ते चांगलं केलंत. तयारीला माझा विरोध नव्हताच. पण मग पत्रात दिल्लीलाही एक ओळ हवी: पूर आणि दुष्काळाच्या नुकसानीचा हिशेब राज्यांकडून घेऊन तो आंतरराष्ट्रीय परिषदांत मांडा. आपल्या सीनेचा गाळ त्यांच्या टेबलावर गेला पाहिजे.

---

बांधावरून

ताई, एक राहिलं. धरणातून पाणी सोडायच्या आधी खालच्या गावांना किती वेळ मिळतो? आमच्याकडे रात्री भोंगा वाजला, तेव्हा गोठ्यात पाणी होतं. दावणीची जनावरं सोडायला वेळ मिळाला नाही. माझ्या चुलत्याच्या दोन म्हशी दाव्यालाच गेल्या. पाऊस किती पडणार हे हवामान खातं दोन दिवस आधी सांगतं, मग धरणवाल्यांनी एक दिवस आधी गावाला सांगायला काय हरकत आहे? हे पहिल्या नंबरला घ्या. विमा दुसऱ्या नंबरला टाका, चालेल.

---

हिशेब आधी

२० टक्क्यांचा मुद्दा चांगला आहे. मला तो माहीत असूनही मी लिहिला नाही, हे कबूल करतो. त्याबद्दल सभागृहात तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांना तोंडी उत्तर द्यावं लागतं असा प्रश्न, विचारता येईल. त्याची भाषा नेमकी हवी: मंजूर रक्कम, वितरित रक्कम, खर्च झालेली रक्कम, जिल्हानिहाय. यातला एक शब्द गाळलात तर उत्तरात तोच आकडा लपवतील. हवं तर मी लिहून देतो.

सौर वाहिनीमुळे अनुदान उतरेल हे मला पटतं, पण ते पुढल्या वर्षी उतरणार नाही. तोवर तूट आहे तेवढीच राहील, हे पत्रात प्रामाणिकपणे लिहा. आमदारांना फसवून केलेली मागणी मला चालणार नाही.

---

सीनाकाठची

काका, लिहून द्या. तूट राहील हेही लिहिते.

नवा क्रम असा: धरणाच्या विसर्गाची एक दिवस आधी गावोगाव सूचना, विम्यातले काढलेले निकष परत, आपत्तीपूर्व निधीचा जिल्हानिहाय हिशेब, निळ्या रेषेतली बांधकामं थांबवणं, उन्हाळ्याआधी ओआरएस आणि कामाच्या वेळा, शेती फीडरच्या सौर जोडणीची तालुकावार तारीख, कोळसा कामगारांचा राखीव निधी, दिल्लीसाठी एक ओळ. पहिल्या पाचांपैकी तीन कामांना जवळपास पैसाच लागत नाही.

रविवारी गावी जातेय. विहिरीतला गाळ काढायला यारीवाला (क्रेनवाला) येणार आहे. तो ३० हजारांत पूर्ण उपसून देणार नाही म्हणतो, अर्ध्यापर्यंत काढून देईन म्हणतो. सह्या तिथूनच सुरू करते.

---

हिशेब आधी

प्रश्नाचा मसुदा उद्या संध्याकाळपर्यंत देतो. माझी सही तिसऱ्या आणि चौथ्या मागणीखाली घ्या, विम्याच्या मागणीखाली नको. तिचा बोजा किती ते कळल्याशिवाय मी सही करत नाही.

---

बांधावरून

काका, माझी सही सगळ्याखाली आहे. बोजा किती ते मी सांगतो: माझा पावणेदोन एकर.